शाळेतल्या मित्रमैत्रिणींचा रॉक बँड: नाशिकमध्ये सुरुवात कशी कराल

नववीत असताना आम्ही पाच जणांनी बँड काढला. एकाच वर्गातले, राहायला सगळे गंगापूर रोडच्या आसपास. बारावी होईपर्यंत, म्हणजे चार वर्षं, आमचा बँड चालला. मी बेस गिटार वाजवायचो. क्लासमध्ये गिटार शिकवतात, ड्रम शिकवतात; पण पाच जणांचा बँड चालवायचा कसा, हे कोणी सांगत नाही. जिथे जिथे आम्ही अडलो, ते सगळं क्रमाने लिहितोय. तुमच्या वर्गात अशी चार-पाच डोकी जमली असतील तर तुमचं वर्षभर तरी वाचेल.

१. आधी वार ठरवा, नाव नंतर

आमचे पहिले दीड महिने नाव आणि लोगो यांतच गेले. तेवढ्यात एकही गाणं बसलं नाही. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या शाळेत पाच मुलांनी १९८५ मध्ये बँड सुरू केला, तेव्हा ते दर शुक्रवारी सराव करायचे म्हणून त्यांनी नावच 'ऑन अ फ्रायडे' ठेवलं. आज जगभर माहीत असलेलं रेडिओहेड हे नाव त्यांनी कित्येक वर्षांनी घेतलं, आणि पाचही जण तेच राहिले. मला त्यांच्या संगीताइतकाच तो शुक्रवार महत्त्वाचा वाटतो.

तुमचाही एक वार आणि एक वेळ पक्की करा. आमची रविवारी दुपारी ४ ते ७ होती, कारण टेस्ट सिरीज सकाळी असायच्या आणि सोमवारचा गृहपाठ रात्री करता यायचा. 'सगळ्यांना जमेल तेव्हा' असं ठरवलंत की कोणालाच जमत नाही. पाचातले तीन आले तरी सराव करायचा, हा नियम पहिल्याच दिवशी करून टाका. गायिका नसेल त्या दिवशी आम्ही फक्त ड्रम आणि बेस घासायचो, आणि खरं सांगतो, आमची सगळ्यात जास्त प्रगती त्याच दिवसांत झाली.

२. कोण काय वाजवणार

वर्गात विचारलंत तर चार जण गिटारवाले निघतील, एक कीबोर्डवाला, आणि ड्रमर शून्य. गिटारवाल्यांपैकी एकाने बेस घ्यायचा. बेसला सहसा चारच तारा असतात आणि त्यांचे सूर गिटारच्या जाड चार तारांचेच, फक्त एक सप्तक खाली. गिटार येत असेल तर महिनाभरात हात बसतो. कोणी घ्यायचा यावरून रुसवेफुगवे होतात. आमच्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि माझं नाव निघालं. आज मला दुसरं काही वाजवावंसं वाटत नाही.

ड्रमर शोधायला नाशिकसारखं गाव नाही. ढोल-ताशा पथकात कोण आहे ते विचारा, आणि त्यातही ताशावाला शोधा. ताशा बारीक काड्यांवर वाजतो, त्यामुळे त्याचं मनगट आधीच तयार असतं. ज्या रोलसाठी, म्हणजे सलग जलद ठोक्यांसाठी, नवा ड्रमर सहा महिने घाम गाळतो, तो त्याला येतच असतो. अडचण पायाची येते. पथकात पाय फक्त चालायला लागतात. इथे उजवा पाय किकवर (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि डावा हाय-हॅटवर (पेडलवरची झांजांची जोडी) असतो.

आमच्या ताशावाल्याने घरी ड्रम नसताना खुर्चीवर बसून पाय तयार केला. मोजणी चारची. एक आणि तीनला उजवा पाय जमिनीवर, दोन आणि चारला डावा हात मांडीवर, उजवा हात सलग आठ ठोके. मेट्रोनोम (ठोक्याची टिकटिक देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर. हे दहा मिनिटं न चुकता जमेपर्यंत वेग वाढवायचा नाही. त्याला तीन आठवडे लागले. दुसरी सवय मोडावी लागते ती जोराची. पथकात सगळी ताकद लावायची असते; खोलीत त्याच ताकदीने स्नेअर (काड्यांनी वाजवायचा समोरचा ड्रम) वाजवला तर गायकाचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही.

एक धोका आधीच लक्षात घ्या. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने पथकाचा सराव रोज संध्याकाळी असतो, आणि तेव्हा तुमचा ड्रमर तुमचा नसतो. त्याला 'पथक की बँड' असं विचारू नका. त्या काळात चाली बसवा, शब्द लिहा, तबलजी मित्र असेल तर त्याच्यासोबत साधा सराव करा.

पुरेसे लोक मिळत नसतील तर शाळेच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लावा. डब्लिनच्या एका शाळेत १९७६ मध्ये लॅरी मलन ज्युनियर या १४ वर्षांच्या ड्रमरने अशीच चिठ्ठी लावली होती. त्यातून यू-टू हा जगप्रसिद्ध रॉक बँड उभा राहिला.

३. घरच्यांशी एकदाच, सगळ्यांनी मिळून बोला

प्रत्येकाने आपापल्या घरी वेगवेगळं सांगितलं की पाच घरांत पाच गोष्टी पोहोचतात. आम्ही सगळ्या आईबाबांना एका घरी चहाला बोलावलं आणि कागदावर लिहून दाखवलं: आठवड्याला किती तास, कुठे, घरी परत किती वाजता, खर्च किती, आणि दहावीच्या वर्षी सराव कधी बंद. शेवटचा मुद्दा आम्ही स्वतःहून मांडला, आणि त्यानंतर बाकीच्यावर फारशी चर्चाच झाली नाही. मैत्रीण बँडमध्ये असेल तर तिला आणायचं-सोडायचं कोण, हे त्याच बैठकीत ठरवा. तिच्या आईचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि तो अगदी रास्त आहे.

४. जागा: सगळ्यात अवघड काम

फ्लॅटमध्ये ड्रम वाजवता येत नाही. हे मान्य करायला आम्हाला दोन महिने लागले. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले की आवाज बाहेर जात नाही, असं कोणीतरी सांगितलं. आम्ही शंभरेक ट्रे गोळा करून चिकटवले. काही उपयोग झाला नाही. आवाज अडवायला वजनदार भिंत लागते. ट्रे हलके असतात, ते फार तर खोलीतला घुमारा थोडा कमी करतात. आठव्या दिवशी सोसायटीच्या अध्यक्षांनी दार वाजवलं आणि आमचं काही ऐकून न घेता सराव बंद करायला लावला. वाईट वाटलं. पण खालच्या मजल्यावर एक आजोबा आजारी होते आणि आम्ही एकदाही खाली जाऊन विचारलं नव्हतं. तुम्ही आधी विचारा. वर, खाली, शेजारी, तिन्हीकडे.

कायदाही माहीत असू द्या. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतालचं १०० मीटरपर्यंतचं शांतता क्षेत्र असेल तर दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगाही नको आणि वाद्यंही नकोत. ड्रम सेट साध्या खोलीत सहज १०० च्या वर जातो.

मग जायचं कुठे? आमच्या अनुभवातून तीन जागा सांगतो.

पहिली, शाळेची संगीताची खोली. संगीताच्या बाईंना आधी भेटा, त्या तुमच्या बाजूने असतील तरच मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज न्या. अर्जात वेळ, मुलांची नावं, खोली आवरून देण्याची जबाबदारी आणि पालकांच्या सह्या हव्यात. तोंडी परवानगीवर राहू नका. शिपाईकाका किल्ली देताना कागद मागतात.

दुसरी, सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीतला ओळखीचा गाळा, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी. आजूबाजूला वस्ती नसते आणि वीज चांगली असते. मात्र मोठं माणूस सोबत असल्याशिवाय मशिनरीच्या जागेत जाऊ नका.

तिसरी म्हणजे मळा, आणि आम्हाला लाभली ती हीच. आमच्या गिटारिस्टच्या मामांची मखमलाबादच्या पुढे द्राक्षबाग आहे आणि बागेच्या कडेला द्राक्षं पॅक करायची शेड. पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंनी विटांची भिंत. पहिल्या दिवशी स्नेअरचा एक ठोका मारला तर तो चार वेळा परत आला. मामींनी घरातल्या सहा जुन्या गोधड्या दिल्या. त्या आम्ही ड्रमच्या मागच्या भिंतीवर आणि पत्र्याखालच्या दोरीवर टांगल्या, खाली सतरंजी अंथरली. घुमारा निम्म्याने गेला. पैसे खर्च करून आणलेल्या कुठल्याही वस्तूने आमचा आवाज एवढा सुधारला नाही.

पण शेडचं एक गणित आहे. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम असतो. तेव्हा शेडमध्ये पेट्या आणि मजूर असतात, तुम्हाला पाय ठेवायला जागा नसते. पहिल्या वर्षी जानेवारीतच गॅदरिंग होतं, आणि ऐन त्या महिन्यात आमची जागा गेली. पुढच्या गॅदरिंगच्या वेळी आम्ही डिसेंबरअखेर सगळी गाणी बसवून ठेवली आणि जानेवारीत घरी, ॲम्प (वाद्याचा आवाज मोठा करणारा डबा) न लावता, फक्त उजळणी केली. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की थांबावंच लागतं, तोही वेळ हिशेबात धरा.

आणि कान सांभाळा. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. १०० ला तो १५ मिनिटांवर येतो. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. ते लावा, दर अर्ध्या तासाने बाहेर बागेत दहा मिनिटं बसा. सरावानंतर कानात सूं असा आवाज येत राहिला तर पुढच्या वेळी आवाज खाली आणा.

५. वीज: इथे चूक चालत नाही

पावसाळ्यातला रविवार होता, शेडची फरशी ओली. आमच्या गायिकेच्या गळ्यात गिटार होती. डाव्या हाताने तारा धरून ती माइकजवळ आली, ओठ जाळीला टेकले आणि ती झटकन मागे सरली. 'ओठाला मुंग्या आल्या,' एवढंच म्हणाली. आम्ही लगेच सगळं बंद केलं. दुसऱ्या दिवशी वायरमनकाकांनी टेस्टर लावून पाहिलं. गिटार ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन आमच्यापैकीच कोणीतरी काढली होती, कारण एक्स्टेंशन बोर्ड दोन पिनांचा होता. गिटारच्या तारा आतून ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. अर्थिंग तुटलं की ॲम्पमधून गळणारा करंट तारांवर येतो, आणि माइक हातात घेतला की तुमच्या अंगातून वाट काढतो. त्या दिवशी मुंग्यांवर निभावलं. याने माणसं दगावतात.

म्हणून हे पाळाच:
- तिसरी पिन कधीही काढू नका, दोन पिनांचं ॲडॉप्टर लावू नका.
- ॲम्प, मिक्सर (माइक-वाद्यांचे आवाज एकत्र करणारा), कीबोर्ड सगळं एकाच पॉइंटवरून घ्या.
- नव्या जागी वाजवण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. मळ्यावर तर नक्कीच.
- अनवाणी किंवा ओल्या फरशीवर उभं राहून वाजवू नका.
- शेतीच्या लाइनची वीज कधी दिवसा असते, कधी रात्री. मामांना शनिवारीच विचारून ठेवा.

६. काय विकत घ्यायचं, काय नाही

सुरुवातीला कमी घ्या. आमचं पहिल्या वर्षीचं सामान असं होतं: एक इलेक्ट्रिक गिटार, एक ॲकॉस्टिक, एक बेस, जुना ड्रम सेट, घरचाच कीबोर्ड, दोन डायनॅमिक माइक, सहा चॅनलचा छोटा मिक्सर आणि एक स्पीकर. बेस गिटारच्या छोट्या ॲम्पमध्ये जोडू नका, त्याचा स्पीकर फाटतो. कीबोर्डच्या मोठ्या ॲम्पवर तो चालतो.

ड्रम सेट जुना घ्या. झांजा, म्हणजे सिंबल, नीट पाहून घ्या: कडेला केसाएवढी जरी चीर असली तरी ती वाढत जाते. पेडलची साखळी आणि स्प्रिंग पायाने दाबून बघा. चामडी बदलता येते, कवच वाकडं असेल तर काही करता येत नाही.

केबलवर पैसे वाचवू नका. सरावात निम्मा वेळ 'आवाज का येत नाही' हे शोधण्यात जातो आणि दहातल्या नऊ वेळा केबल निघते. प्रत्येक केबलला रंगीत चिकटपट्टी लावा. सोबत ठेवायची पिशवी वेगळी करा: जादा तारा, ड्रमची किल्ली, नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, ट्युनर, टेस्टर, टॉर्च, इन्सुलेशन टेप, काड्यांची एक जास्तीची जोडी.

सामान न्यायला छोटा हत्ती सांगा किंवा घरच्या मोठ्यांना विनंती करा. अठरा पूर्ण नसताना स्कूटीवर गिटार लटकवून निघू नका. पकडलं तर पालकांवर कारवाई होते.

७. पट्टी जुळवणं

आमची गायिका शास्त्रीय शिकत होती. पहिल्या सरावाला ती म्हणाली, 'माझी काळी चार,' आणि गिटारिस्ट तिच्याकडे बघत राहिला. पेटीची भाषा आणि गिटारची भाषा जुळवल्याशिवाय नाशिकच्या बँडचं पान हलत नाही, कारण निम्मी मुलं पेटीवर शिकलेली असतात. हे पाठ करा: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी.

जी शार्पमध्ये नव्या गिटारिस्टची बोटं मोडतात. पहिल्या घरात कॅपो (गिटारच्या दांड्यावर तारा दाबून धरणारी चिमटी) लावा आणि जीचे कॉर्ड धरा, झाली काळी चार. काळी एक हवी असेल तर तिथेच कॅपो ठेवून सीचे कॉर्ड. बेसला कॅपो लागत नाही, त्याने खरे सूर शोधायचे.

मुलगा गात असेल तर आवाज फुटण्याचं वय हेच आहे. आठवीत ज्या पट्टीत सहज गायचा, ती दहावीत जात नाही. त्याच्यावर ओरडू नका आणि त्याला ताणून गायला लावू नका. दर दोन-तीन महिन्यांनी पट्टी तपासा आणि गाणं खाली आणा. मूळ रेकॉर्डिंगच्या पट्टीतच गायलं पाहिजे असा नियम कुठेही नाही.

८. पहिली गाणी, आणि स्वतःचं गाणं

तीनच गाणी घ्या. एक संथ, एक मध्यम, एक वेगाचं. दहा गाणी अर्धवट येण्यापेक्षा तीन गाणी झोपेत वाजवता येणं कामाला येतं, कारण गॅदरिंगमध्ये बारा-पंधरा मिनिटांवर कोणी देत नाही. प्रत्येक गाण्याची सुरुवात कोण मोजणार आणि शेवट कुठे होणार हे कागदावर लिहा. नवे बँड मध्यात चुकत नाहीत, शेवटाला चुकतात: दोघं थांबतात आणि दोघं वाजवत राहतात.

दुसऱ्यांची गाणी शाळेच्या कार्यक्रमात, फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळींसमोर वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. बाहेरच्या कार्यक्रमाला परवाना लागतो. गीतकार-संगीतकारांच्या वतीने तो आयपीआरएस ही संस्था देते आणि तो काढणं आयोजकाचं काम असतं. 'परवान्याचं झालंय ना?' एवढं विचारून ठेवा.

स्वतःचं गाणं लवकर करा, मराठीत करा. शब्द सुचत नसतील तर संतांचे अभंग घ्या, त्यावर कोणाचा हक्क नाही. मात्र प्रसिद्ध चाल उचलू नका. शब्द जुने असले तरी चालीचा संगीतकार वेगळा असतो. नाशिकच्या मुलांना कुसुमाग्रजांच्या कवितेला चाल लावावीशी वाटतेच, आम्हालाही वाटली. त्यांचं निधन १९९९ मधलं. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०५९ संपेपर्यंत. घरी, सरावात खुशाल म्हणा; कार्यक्रमात किंवा रेकॉर्डिंगसाठी आधी परवानगी घ्या.

मराठी शब्द रॉकच्या ठोक्यावर बसवताना शब्दाचा शेवट ओढू नका. 'वाट' चं 'वाटा' झालं की अर्थच बदलतो. ओळ आधी ठोक्यावर नुसती बोला, मग गा.

९. पहिला कार्यक्रम

शाळेचं गॅदरिंग शाळेच्या मैदानावर असो, कालिदास कलामंदिरात असो, साऊंड बहुतेक वेळा भाड्याचा असतो. साऊंडवाल्या दादांना ऑर्केस्ट्रा आणि भाषणांची सवय असते. त्यांना आदल्या दिवशी एक कागद द्या: रंगमंचाचं चित्र, कोण कुठे उभं, कोणाला काय लागेल. आमच्या कागदावर असं होतं: गाण्याचे माइक दोन, बेस आणि कीबोर्डसाठी डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडणारा डबा) दोन, गिटार ॲम्पसमोर माइक एक, ड्रमला कमीत कमी तीन. 'दादा, आवाजाला इको नको' हे वेगळं सांगा. इको चढवला की वेगाच्या गाण्याचा एक शब्द कळत नाही. स्पीकरमधून शिट्टी वाजली तर माइक हाताने झाकू नका, त्याने ती वाढते. स्पीकरच्या तोंडासमोरून बाजूला व्हा.

बाहेरच्या कार्यक्रमासाठी ही कागदपत्रं एका फाइलमध्ये तयार ठेवा:
- पालकांचं संमतिपत्र, प्रत्येकाचं वेगळं
- आधारची प्रत
- स्पर्धा असेल तर शाळेचं बोनाफाइड
- मानधन जमा करायला एका पालकाचं पॅन आणि रद्द केलेला चेक
- आयोजकाचं पत्र: तारीख, वेळ, मानधन, साऊंड कोणाचा, परतीची व्यवस्था
- पोलीस ठाण्याच्या ध्वनिक्षेपक परवान्याची प्रत, आयोजकाकडून

अठरा वर्षांखालच्यांनी केलेला करार भारतीय करार कायद्यानुसार ग्राह्य धरत नाहीत. सही पालकांचीच घ्या. आमच्या एका कार्यक्रमाचं मानधन फोनवरच्या बोलण्यावर ठरलं होतं. ते मिळालं नाही आणि दाखवायला आमच्याकडे एक ओळही नव्हती. त्यानंतर पत्राशिवाय आम्ही सामान गाडीत चढवलं नाही. दारू मिळते अशा ठिकाणाहून बोलावणं आलं तर जाऊ नका, कितीही पैसे देवोत.

१०. पैसे आणि वस्तू कोणाच्या

एक वही करा. आम्ही महिन्याला प्रत्येकी ३०० रुपये काढायचो आणि वही दर महिन्याला दुसऱ्याकडे जायची. वर्गणीतून फक्त केबल, स्टँड, तारा, भाडं. मोठी वस्तू वर्गणीतून घेऊ नका. आम्ही मिक्सर तसा घेतला. अकरावीत कीबोर्डवाल्याच्या बाबांची बदली झाली, तो निघाला, आणि त्या मिक्सरचा पाचवा हिस्सा किती यावरून दोन जिवलग मित्र तीन महिने बोलत नव्हते. मोठी वस्तू एकाने घ्यावी, त्याचीच राहावी, आणि वहीच्या पहिल्या पानावर तिच्यापुढे त्याचं नाव लिहावं.

दहावी आणि बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर सराव थांबवा. थांबवताना ड्रमची चामडी थोडी सैल करा, तारा पुसून सैल करा, बॅटऱ्या काढून ठेवा, आणि मळ्यावर सामान असेल तर उंदरांपासून केबल पत्र्याच्या डब्यात ठेवा. परीक्षा संपल्यानंतरचा पहिला रविवार आजच वहीत लिहून ठेवा, दुपारी ४ वाजता. तोपर्यंत द्राक्षांच्या पेट्या हलल्या आहेत का, ते मामांना फोन करून विचारा.